हेराल्डचा वायपर अर्ध्यात थांबतो: मोटर टाकायची की सुटे भाग शोधायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गुहागरच्या घरी वडिलांची १९६७ ची स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. गेल्या पावसाळ्यात तिचा वायपर आधी मंदावला, मग काचेच्या मधोमध थांबायला लागला. स्विच बंद केला तर दांड्या कडेला जाऊन बसत नाहीत, आणि मोटरला हात लावला तर चटका बसतो. ओळखीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "हिचं सामान आता मिळत नाही, टाकून द्या, टेम्पोची मोटर बसवून देतो." मोटरच्या बॉडीवर डी आर ३ ए असं, म्हणजे मोटरचं मॉडेल, वाचता येतं म्हणता. मग सामान खरंच मिळत नाही का, आणि मिळत असेल तर कुठे?

टाकू नका. टेम्पोची तर मुळीच बसवू नका. का ते सांगतो, पण सामान शोधायच्या आधी काय बिघडलंय ते शोधायला हवं. चिपळूणला ऑटो-इलेक्ट्रिकचं काम करून मला पस्तीस वर्षं झाली. 'मोटर मेली' म्हणून टेबलावर आलेल्या जुन्या मोटरी बहुतेक वेळा जिवंत निघाल्या. मेलेलं असतं ते मोटरच्या पुढचं: रॅक, व्हीलबॉक्स, स्पिंडल. समुद्राची हवा आधी तिथे शिरते, मोटरच्या पोटात ती बरीच उशिरा पोचते.

हेराल्डमध्ये मोटर इंजिनाच्या बाजूला, मागच्या पत्र्यावर बसते. तिच्यातून एक लवचिक रॅक निघतो, म्हणजे वर स्क्रूसारखी तार गुंडाळलेली केबल. ती नळीतून पुढेमागे सरकते आणि वाटेतल्या दोन व्हीलबॉक्सांचे दातेरी गियर अर्धवट फिरवते. त्या गियरच्या स्पिंडलवर वायपरच्या दांड्या. तेव्हा मोटर सोडून अडायच्या जागा किमान तीन: नळीतलं वाळलेलं ग्रीस, गियरचे दाते, आणि स्पिंडल.

पहिली परीक्षा अशी. गियरबॉक्सचं कव्हर उघडा, आतला कनेक्टिंग रॉड उचला आणि रॅक मोटरपासून मोकळा करा. उघडताना दर वॉशरला मोबाईलवर फोटो काढा, कारण शिम, म्हणजे पातळ चकती, कुठला कशाखाली होता हे चहा पिऊन येईपर्यंत विसरायला होतं. आता नुसती मोटर चालवा, तारेत अँपिअर मीटर घालून. ही मोटर मोकळी असताना साधारण ३ अँपिअर घेते, आवाज एकसुरी. तसं असेल तर मोटरला हात लावायचं कारण नाही. अडकून जागीच थांबली तर हीच मोटर १३ ते १५ अँपिअर ओढते. तुम्हाला बसणारा चटका त्याचाच. मोकळी असतानाही ५-६ अँपिअर घेत असेल, अडखळत असेल, कव्हरच्या फटीतून जळका वास येत असेल, तर दोष मोटरमध्ये.

दुसरी परीक्षा रॅकची. दांड्या काढून ठेवा आणि रॅकच्या टोकाला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवा. मासळी तोलतात तो चालतो, माझ्याकडे तोच आहे. रॅक नळीतून ओढायला पावणेतीन किलोच्या वर जोर लागता कामा नये. गेल्या वर्षी दापोलीकडची एक हेराल्ड आली होती, तिचा काटा आठच्या पुढे गेला. मोटर बिचारी दोन पावसाळे तशीच ओढत होती.

जोर जास्त लागला तर रॅक पूर्ण बाहेर काढा. नळीतून पिवळट, मेणासारखी वळकटी निघेल, ते एकेकाळचं ग्रीस. नळी रॉकेलने धुवा, तारेला चिंधी बांधून आरपार ओढा, सुकवा, मग साधं लिथियम ग्रीस बोटाने हलकं लावा. कोंबू नका, थंडीत तेच परत दाटतं. नळीला कुठे चेप असेल, किंवा डॅशखालच्या दुसऱ्या कामात कोणी ती वाकवली असेल, तर ते सरळ केल्याशिवाय बाकीचं सगळं फुकट.

स्पिंडलवर थोडा वेळ घालवतो, कारण कोकणातलं खरं दुखणं तेच. स्पिंडल पोलादी, घर जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव. त्यांच्यामध्ये खारं पाणी गेलं की पांढरी भुकटी धरते आणि स्पिंडल आवळतो. पाणी जाऊ नये म्हणून बाहेरून रबराचा वॉशर असतो, पण पन्नास वर्षांनी त्याची खडखडीत चकती झालेली असते. त्यातून गाडी हापूसच्या झाडाखाली उभी करायची आपली हौस. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा काचेवर आणि स्पिंडलच्या मुळाशी पडतो, त्यावर धूळ बसते, आणि मे महिन्यात त्याचा डांबरासारखा गोळा होतो. पहिल्या मृगाच्या सरीला मालक स्विच दाबतो तेव्हा मोटर या गोळ्याशी झुंजत असते. गाडी आंब्याखाली ठेवायचीच असेल तर निदान काचेच्या खालच्या भागावर जुनं पोतं टाका.

आवळलेल्या स्पिंडलवर हातोडा चालवलात तर घर तुटेल, आणि ते घर इथे मिळणं अवघड. गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा, सकाळी गरम पाण्यात बुडवा, मग कापड गुंडाळून पान्याने दोन्हीकडे एकेक दोरा हलवा. सुटतो. संयम मात्र हवा. माझा मुलगा अजून हे काम माझ्याकडेच ढकलतो. सुटल्यावर स्पिंडल बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि बाजूला किती हलतो ते पाहा. थोडा खेळ चालतो. डोळ्यांना दिसेल इतका डुगडुगत असेल तर बुश, म्हणजे तो ज्यात फिरतो ती धातूची बाही, बदलायचा.

आता एक गोष्ट जी विकत घ्यायच्या आधी करून पाहायची. व्हीलबॉक्सचा गियर पूर्ण गोल असतो, पण रॅक त्याला साधारण शंभर-सव्वाशे अंशच फिरवतो. म्हणजे तितकेच दाते झिजतात आणि समोरच्या बाजूचे दाते कारखान्यातून आले तसे कोरे राहतात. गियर अर्धा फेरा वळवून परत बसवा, दांडी स्पिंडलच्या खाचांवर हवी तशी लावता येतेच. रॅकही त्याच्या अक्षाभोवती अर्धा फिरवा, म्हणजे त्याची न घासलेली बाजू दात्यांवर येते. एका पैशाचा खर्च नाही, आणि 'व्हीलबॉक्स संपले' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर परत गेल्या.

मोटर खरंच दोषी निघाली तर ती एकदम 'खराब' नसते. तिच्यात झिजणारे भाग मोजके: कार्बन, त्यांच्या स्प्रिंगा, बुश, वर्मवर (शाफ्टवरच्या स्क्रूसारख्या दात्यांवर) चालणारा गियर, आणि दांड्या कडेला नेऊन थांबवणारा पार्किंगचा स्विच. आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरणारा भाग, जळालेलं असलं तरी तो शेवट नाही.

कार्बनबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला एका हेराल्डला मिक्सरचे कार्बन घासून बसवले. मापात छान बसले, गिऱ्हाईक खूश. महिन्याभरात मोटर परत आली, कॉम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचं तांब्याच्या पट्ट्यांचं नळकांडं, ज्यावर कार्बन टेकतात) काळाठिक्कर आणि दोन पट्ट्यांवर खड्डे. मिक्सरचा कार्बन २३० व्होल्टसाठी असतो, नुसता ग्रॅफाइटचा, त्याचा रोध जास्त. १२ व्होल्टला तो निम्मी ताकद स्वतःच खातो आणि ठिणग्या पाडतो. बारा व्होल्टच्या मोटरला तांबं मिसळलेला कार्बन लागतो. उन्हात धरला की त्याला तांबूस झाक दिसते. दुकानात जुन्या मापाचा मिळत नसेल तर दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या १२ व्होल्ट मोटरचा, थोडा मोठा घ्या आणि घासून मापाला आणा. खोबणीत तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे, डुगडुगता नाही आणि घट्टही नाही. तळाला कॉम्युटेटरचा गोलावा द्यायला कॉम्युटेटरवर काचपेपरची पट्टी गुंडाळून त्यावर कार्बन घासा. एमरी वापरू नका, तिचे कण तांब्यात रुततात. पट्ट्यांमधल्या फटी सुईने साफ करा.

बुश आणि गियरसाठी कोल्हापूर गाठा. रत्नागिरीकडून आंबा घाट, आमच्याकडून कुंभार्ली चढून कऱ्हाडमार्गे. शिवाजी उद्यमनगरात लेथवर बसलेल्या माणसाला फॉस्फर ब्राँझचा बुश करणं म्हणजे हातचा मळ, फक्त नमुना आणि शाफ्ट दोन्ही सोबत न्या. नुसता झिजलेला बुश दिलात तर तो झिजल्या मापाचाच करून देईल, त्याची काय चूक? तेल पिणारा, सच्छिद्र बुश मिळाला तर बसवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा. त्याचं भोक रीमरने मोठं करू नका, छिद्रं बुजतात. शाफ्टला लांबीत अगदी थोडा खेळ ठेवा, जाडसर कागद सरकेल इतकाच. अजिबात नसेल तर गरम झाल्यावर मोटर आवळते आणि तुमची मूळ तक्रार परत सुरू होते.

गियर कापून घेणं महाग पडतं, कारण एका नगासाठी गियर कापणाऱ्याला मशीन लावावं लागतं. त्यावर उपाय असा की तीन-चार जण मिळून करा. पुण्या-मुंबईत जुन्या गाड्या जपणारी मंडळी आहेत, पैकी दोघांना हाच गियर हवा असेल. पितळेचा करून घेऊ नका असं मी सांगतो. काही जण हौसेने करतात, पण मग झीज वर्मवर येते, आणि वर्म आर्मेचरच्या शाफ्टवरच कापलेला असतो. स्वस्त भाग वाचवायला महाग भाग घालवायचा.

आर्मेचर जळालं तर पंखे-पंप भरणारा चांगला वाइंडर भरून देतो. त्याला एकच अट घाला: जुनी तार उलगडताना वेढे मोजायचे आणि तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्यायची. अंदाजाने भरलेलं आर्मेचर चालतं, पण वेग वेगळाच येतो. फील्डची, म्हणजे बाहेरची न फिरणारी, कॉइलही त्यालाच द्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं, त्यानंतर कितीतरी मोटरी चिखलाने भरून आल्या. पहिल्या आठवड्यात उघडून गोड्या पाण्याने धुतल्या आणि मंद बल्बच्या उबेत चार दिवस सुकवल्या त्या बहुतेक जुन्याच तारेवर चालल्या. गणपतीनंतर आलेल्यांच्या पत्र्यांना आतून गंज धरला होता, त्या भराव्याच लागल्या. तुमच्याकडे कधी पाणी शिरलं तर मोटर सगळ्यात आधी उघडा, सीट नंतर सुकवा.

आता बाजाराचं. बाहेर पडण्याआधी मोटरच्या बॉडीवर कोरलेला पाच आकडी नंबर आणि त्याच्याजवळचं महिना-वर्ष लिहून घ्या, आणि आतल्या मोठ्या गियरवरचा अंशांचा आकडाही. ११०, ११५, १२० असा काहीतरी असेल. तो दांडी किती फिरणार ते ठरवतो. नुसतं 'हेराल्डची मोटर' म्हणून आणलेली वस्तू बाहेरून जुळी बहीण असते, पण लावल्यावर एक दांडी काचेच्या चौकटीवर आपटते. गियर बदलला की मोटर तुमच्या गाडीला चालते, तेव्हा आकडा जुळत नसला तरी चांगली बॉडी सोडू नका.

मुंबईत ऑपेरा हाऊसला जुन्या दुकानांत आतल्या फळीवरचं न विकलेलं सामान अजून निघतं. फोनवर विचारलंत तर 'नाही' म्हणतील. जुनी मोटर पिशवीत घालून जा, काउंटरवर ठेवा, वयस्क माणसाला हाक मारा. कुर्ल्याला आणि चोर बाजारात मोडीतल्या मोटरी मिळतात, त्या भाग काढायला घ्या, चालत्या म्हणून नव्हे. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी, सकाळी लवकर गेलात तर काही दिसेल. सगळीकडे एकच कसोटी: शाफ्ट बाजूला हलवून पाहा आणि वर्मच्या कडा नखाने तपासा. वर्म धारदार झालेला असेल तर ठेवून द्या, बाकी काहीही दुरुस्त होतं.

हे सगळं फसलं तरी तुमची बाजू बळकट आहे. स्टँडर्डने १९६१ पासून मद्रासला बांधलेली हेराल्ड म्हणजे इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड. तिला, आणि एमजीबीसारख्या गाजलेल्या गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलांनाही, हीच मोटर होती. त्या गाड्यांचे शौकीन तिकडे भरपूर, त्यामुळे नवीन व्हीलबॉक्स, रॅक, रबराचे वॉशर तिथली दुकानं आजही बनवून विकतात. आपल्यासारखीच त्यांचीही गाडी उजव्या हाताची, हा आणखी एक फायदा. टपालखर्च आणि कस्टम धरून चटका बसतो, म्हणून मी फक्त व्हीलबॉक्स आणि रबरं तिकडून मागवायला सांगतो. मोटर कधीच नाही.

टेम्पोच्या मोटरला माझा विरोध हौसेपोटी नाही. तिची ताकद जास्त. रॅक आवळलेला असेल तर तुमची जुनी मोटर थांबते, गरम होते, म्हणजे निदान ओरडते तरी. ताकदवान मोटर थांबत नाही, ती व्हीलबॉक्सचे दाते सोलून काढते. शिवाय जुन्या मोटरमध्ये चुंबक नाही, फील्डसुद्धा तारेचं. त्यामुळे बॅटरीच्या तारा अदलाबदल केल्या तरी ती त्याच दिशेला फिरते. नव्या मोटरीत कायमचं चुंबक असतं, तारा बदलल्या की ती उलटी फिरते आणि पार्किंगचा हिशेब बिघडतो. इंग्रजी वळणाच्या कित्येक जुन्या गाड्यांना अर्थ पॉझिटिव्ह होता, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं. तुमची कुठली ते बॅटरीवर पाहून घ्या, गॅरेजवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

पद्मिनीवाले हे वाचत असतील तर त्यांच्याकडे रॅक नाही, पट्ट्यांची जोडणी आहे. तिथे सांध्यांचे बुश झिजतात, बाकी निदान हेच: जोडणी सोडवा, मोटर एकटी चालवा. जुन्या विलीज जीपचा वायपर तर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचा. कुंभार्ली चढताना ॲक्सिलरेटर दाबला की वायपर थांबायचा, पाय काढला की धावायचा. तिथे मोटर शोधत बसू नका, आधी रबरी पाइप तपासा, बहुतेक तोच फुटलेला असतो.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो, दांड्या कडेला बसत नाहीत. या मोटरला लाइव्ह तार कायम मिळते आणि डॅशचा स्विच अर्थ जोडतो-तोडतो. स्विच बंद केल्यावर मोटरला तिच्या जागी नेऊन थांबवायचं काम गियरबॉक्सवरच्या घुमटाकार कव्हरमधला छोटा स्विच करतो, तोही अर्थवरच. म्हणून अर्थ खराब असेल तर वायपर मंदही होतो आणि मध्येच थांबतोही. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असायची शक्यता मला इथे दिसते. अर्थची तार मोटरपासून बॉडीपर्यंत पाहा. टर्मिनलवर हिरवा कळंक चढलेला असेल, स्क्रूखाली रंग असेल. खरवडून पत्रा चमकेपर्यंत साफ करा, नवी तार टाका, वरून व्हॅसलीन लावा. मग मोटर चालू असताना बॅटरीच्या टोकांवर आणि मोटरच्या टोकांवर व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे वाटेत कुठेतरी गळती आहे. हे इंजिन थोडं पळवून करा. त्या काळच्या डायनामोची ताकद २० अँपिअरच्या आसपास, आणि इंजिन संथ असताना तो जवळपास काहीच देत नाही. रात्री पावसात हेडलाइट लावून फाटकात उभं राहिलं की वायपर मंदावणारच, त्याला आजार समजू नका.

अर्थ ठीक असूनही जागेवर थांबत नसेल तर कव्हरमधले संपर्क साफ करा. नंतर स्क्रू ढिले करून तो घुमट अगदी थोडा, चारपाच अंश, फिरवून पाहा. थांबायची जागा त्यावरच ठरते. दांड्या आधी लावायच्या नाहीत. मोटर चालवा, बंद करा, ती आपल्या जागी जाऊन थांबू द्या, मग दांड्या काचेच्या खालच्या कडेला समांतर बसवा. कोरड्या काचेवर लगेच चालवून पाहायचा मोह होतो. बादलीभर पाणी ओता आणि मगच स्विच दाबा.